गेमचा डबा दुकानातून, कोड आधीच वापरलेला: केस कुणावर ते नंतर, आधी तारीख बघा

साताऱ्याच्या एका ताईंचा मोठा मेल आलाय, थोडक्यात सांगतो. 4 नोव्हेंबर 2023 ला, दिवाळीच्या आधी, पुण्यातल्या एका दुकानातून मुलासाठी पीसी गेमचा सीलबंद डबा घेतला, 2,999 रुपये. मुलगा दहावीला म्हणून डबा कपाटात. परीक्षा संपल्यावर मार्च 2024 अखेर उघडला तर आत डिस्क नाहीच, पुठ्ठ्याचं एक कार्ड आणि त्यावर कोड. कोड गेमच्या ऑनलाइन स्टोअरवर टाकला तर ‘हा आधीच वापरला गेलाय’. दुकानदार म्हणतो ऑनलाइनवाल्यांना विचारा, ऑनलाइन स्टोअरचा सपोर्ट म्हणतो जिथून घेतला तिथे जा, आणि कच्च्या पावतीवर छापलंय की विकलेला माल परत घेतला जाणार नाही. ताईंचा प्रश्न, केस कुणावर करू, दुकानावर की कंपनीवर?

वकील म्हणून मला असे मेल सतत येतात, गेमच्या जागी कधी अँटीव्हायरस असतो कधी ऑफिसचं सॉफ्टवेअर, आणि प्रत्येकजण ‘कुणावर’ एवढंच विचारतो. ‘कधीपर्यंत’ हे कुणीच विचारत नाही, आणि निकाल त्यावर लागतो.

ग्राहक संरक्षण कायदा 2019, कलम 69. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत ग्राहक आयोगात तक्रार दाखल झाली पाहिजे. आता कारण कधी घडलं, डबा विकला त्या दिवशी की मुलाने उघडून बघितलं त्या दिवशी, यावर वाद घालता येतो आणि मी तुमच्या बाजूने घालेनही, पण ज्या वादाची गरजच नाही तो कशाला ओढवून घ्यायचा? पावतीची तारीख धरा. म्हणजे 3 नोव्हेंबर 2025 ला विषय संपला. हे लिहितोय तेव्हा सप्टेंबर 2025 चा शेवटचा आठवडा चालू आहे, 17 ऑक्टोबरला वसुबारस, तिथून पुढे भाऊबीजेपर्यंत कुणी फोन उचलणार नाही, तुम्ही पण फराळात असणार. तेव्हा 15 ऑक्टोबर ही तुमची शेवटची तारीख असं समजून चाला.

ताई, रागावू नका पण हे बोलल्याशिवाय राहवत नाही. तुम्ही एप्रिल 2024 पासून परवापर्यंत सपोर्टला मेल, दुकानदाराला व्हॉट्सॲप, परत सपोर्टला मेल असं दीड वर्ष केलंत, आणि ‘आमचा पाठपुरावा चालूच आहे’ असं मला अभिमानाने लिहिलंय. पाठपुराव्याने मुदत थांबत नाही. तुम्ही पत्रं पाठवत राहिलात म्हणून मुदत वाढते असं कायदा मानत नाही, हे कोर्टांनी इतक्या वेळा सांगितलंय की आता त्यावर कुणी वाद पण घालत नाही. रिक्षा सिग्नलला उभी असली तरी मीटर पडतच असतं, तसं. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला केलेल्या तक्रारीचं पण तेच, फोन जरूर करा, कधीकधी काम होतं, पण तो फोन म्हणजे आयोगात दाखल केलेली तक्रार नव्हे. उशीर माफ करायची सोय कलम 69 मध्येच आहे, पुरेसं कारण दाखवलं तर. ‘आम्ही मेल करत होतो’ हे पुरेसं कारण होईल याची मी खात्री देणार नाही, त्यामुळे त्या दाराशी जाऊच नका.

आता पावतीवरची ती ओळ. या ओळीला घाबरून निम्मे लोक घरी बसतात. सदोष माल परत घ्यायला आणि पैसे परत द्यायला नकार देणं ही कलम 2(47) प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे, बिलावर मुदत दिली असेल तर त्या मुदतीत, आणि दिलीच नसेल तर 30 दिवसांत. बिल न देणं हीसुद्धा त्याच कलमात अनुचित प्रथा आहे, आणि तुम्हाला मिळाली ती एस्टिमेटच्या पॅडवरची चिठ्ठी. पण 30 दिवस 4 डिसेंबर 2023 ला संपले आणि तुमचा डबा तेव्हा कपाटात होता! म्हणून नकाराचा मुद्दा तक्रारीत दोन ओळींत लिहा, त्यावर भिस्त ठेवू नका. भिस्त ठेवायची ती मालातल्या दोषावर. आयोग कलम 39 खाली दोष दूर करायला, माल बदलून द्यायला किंवा पैसे परत करायला सांगू शकतो आणि तिथे ही 30 दिवसांची अट नाही.

दुकानदार काय म्हणणार ते मी आत्ताच सांगतो. म्हणेल, माल चांगलाच होता, पोरानेच कोड मित्राच्या अकाउंटला लावला आणि आता आईला पुढे केलंय. पाच महिने डबा तुमच्या घरात होता, हे तो तीनदा सांगेल. यावर एकच गोष्ट चालते, कोड वापरला गेला ती तारीख. ती ऑनलाइन स्टोअरच्या रेकॉर्डला असते. तुम्ही दीड वर्ष त्यांना ‘आमचा गेम द्या’ म्हणून लिहिलंत, एकदाही हे विचारलं नाहीत की हा कोड कुठल्या तारखेला ॲक्टिव्हेट झाला. कुणाच्या अकाउंटला ते विचारू नका, ते सांगणार नाहीत आणि आपल्याला नकोय पण. फक्त तारीख. ती 4 नोव्हेंबर 2023 च्या आधीची निघाली तर दुकानदाराकडे बोलायला काही उरत नाही. नंतरची निघाली तर मात्र आधी मुलाशी एकदा नीट बोला, मग मला लिहा. मेलला उत्तर आलं नाही तरी अडत नाही, कलम 38 मध्ये आयोगाला कागदपत्रं मागवायचे दिवाणी कोर्टासारखे अधिकार आहेत, तक्रारीसोबतच तसा अर्ज द्या.

हे होतं कसं, असं तुम्ही विचारलंय. डबा आता नावालाच डबा राहिलाय. 2004 मध्ये हाफ-लाइफ 2 हा गेम आला तेव्हाच डिस्क विकत घेऊनसुद्धा स्टीम या ऑनलाइन गेम स्टोअरवर अकाउंट उघडावं लागत होतं, आणि आता तर नव्या कॉम्प्युटरला डिस्क घालायला जागाच नसते, म्हणून डब्यात कार्ड. म्हणजे दुकान विकतं ते एक नंबर, आणि तो नंबर चालतो की नाही ते दुकानाला डबा फोडल्याशिवाय कळत नाही. कुणीतरी परत केलेला डबा नवीन प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून परत रॅकवर जाऊ शकतो, कोड वरच्या पुरवठादाराकडेच फुटलेला असू शकतो. तुमच्या केसमध्ये नेमकं काय झालं ते मी इथून सांगू शकत नाही आणि तुम्हाला ते सिद्ध करायची गरज पण नाही, विकला त्या दिवशी कोड निकामी होता एवढं पुरे.

आता ‘कुणावर’. पैसे घेतले दुकानाने, म्हणून पहिला सामनेवाला, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार तो, दुकान. दुसरा, डब्याच्या मागचं स्टिकर बघा (डबा टाकला नाहीत ना?), आयात करणाऱ्याचं किंवा पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता, एमआरपी आणि तक्रारीसाठी फोन-ईमेल छापणं वेष्टित वस्तूंच्या 2011 च्या नियमांनी बंधनकारक आहे, त्या कंपनीला सामनेवाला क्रमांक 2 करा. ऑनलाइन स्टोअरला ओढायचं का? मी नाही ओढणार. तुम्ही त्यांना एक रुपया दिलेला नाही, आणि परदेशी कंपनीला नोटीस बजावण्यात महिने जातात. स्टीमचं उदाहरण घ्या, त्यांच्या स्टोअरमधून घेतलेला गेम 14 दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर परत करता येतो, पण बाहेरून घेतलेल्या कोडला ही सोय लागू नाही असं त्यांनी सरळ लिहून ठेवलंय. दुकानातून घेणाऱ्याची खरी अडचण इथेच आहे, काउंटरपलीकडचा माणूस हात वर करतो आणि ऑनलाइनवाल्यांची परतीची सोय त्याला मिळत नाही. किमतीत फरक नसेल तर मी स्वतः थेट स्टोअरमधूनच घ्या म्हणेन, दुकानांबद्दल कितीही माया असली तरी.

ज्यांनी थेट ऑनलाइन घेतलंय आणि जे हे वाचतायत त्यांच्यासाठी एवढंच, ई-कॉमर्सचे 2020 चे नियम डिजिटल मालालाही लागू आहेत, भारतातल्या ग्राहकांना पद्धतशीर विकणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही. तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण करायचं असतं. आणि ‘आमच्या अटी मान्य करून तुम्ही टिक केलंय’ हे उत्तर अंतिम नसतं, ऑस्ट्रेलियात स्टीमच्या मालक कंपनीने रिफंडबाबत असाच पवित्रा घेतला होता, तिथल्या फेडरल कोर्टाने डिसेंबर 2016 मध्ये 30 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड लावला. आपल्याकडे तसंच होईल असं नाही म्हणत, पण अटी वाचून हातपाय गाळू नका.

परत ताईंकडे. पुण्याला खेपा घालायची गरज नाही, कलम 34 प्रमाणे तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार चालते, म्हणजे साताऱ्यातच. ई-जागृती या सरकारी पोर्टलवर घरून दाखल करा, पूर्वीचं ई-दाखिल आता त्यातच आलंय. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी शून्य. वकील लावायची सक्ती नाही, आणि तीन हजारासाठी मला फी देऊ नका, हिशोब जमत नाही. आधी वकिलाची नोटीस पाठवलीच पाहिजे असंही नाही, ग्राहक तक्रारीला ती कायद्याने लागत नाही. पाठवायचीच असेल तर याच आठवड्यात स्वतःच साध्या मराठीत लिहा, आठ दिवस द्या, स्पीड पोस्ट करा, पोचपावती ठेवा.

पुरावा म्हणून चिठ्ठी कशीही असली तरी जोडा. पैसे यूपीआयने दिलेत पण दुकानाच्या नावाऐवजी कुणाच्यातरी पर्सनल नंबरवर गेलेत, म्हणून बँकेचं स्टेटमेंट आणि दुकानदाराचे ते व्हॉट्सॲप मेसेज दोन्ही लागतील, त्यात त्याने ‘ऑनलाइनवाल्यांना विचारा’ म्हटलंय म्हणजे डबा आपणच विकला हे कबूल केलंय, तुमच्या फाइलमधला सगळ्यात चांगला कागद तो. स्क्रीनशॉट आहेत म्हणून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र सोबत लावा. कोड टाकतानाचा व्हिडिओ काढून ठेवा, कार्ड आणि डबा एका फ्रेममध्ये. आणि ते प्लॅस्टिकचं वेष्टन तुम्ही फेकलंत... जाऊ दे.

मागणी करताना किंमत, व्याज, त्रासाचे थोडे पैसे, खर्च, बस. मानसिक त्रासाचे पाच लाख लिहू नका, आयोगाचे सदस्य पहिल्या पानावरच वैतागतात. अटी अन्यायकारक आहेत, करार रद्द करा, असलं पण काही घालू नका, अन्यायकारक कराराच्या तक्रारी राज्य आयोगाकडे जातात, दुकानदाराचा वकील तेवढंच धरून बसेल.

किती दिवस लागतील? कायदा म्हणतो, मालाची तपासणी लागत नसेल तर समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत निकाल लागावा. वाचून हसू येतं. कुठे सदस्याचं पद रिकामं, कुठे कोरम, म्हणजे सुनावणीला लागतात तेवढे सदस्य, नाही, तारखा पडत राहतात, वर्ष-दोन वर्षं मनात धरून ठेवा. एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूने आहे, समोरच्याला लेखी म्हणणं द्यायला 30 दिवस आणि फार तर आणखी 15, त्यापुढे एक दिवसही नाही, हे सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी मार्च 2020 मध्ये पक्कं केलंय, आणि छोटे दुकानदार हे 45 दिवस हमखास घालवतात.

माझा अंदाज विचाराल तर हे तिथवर जाणारच नाही. आयोगाची नोटीस हातात पडली की दुकानदाराचा फोन येईल, ताई मिटवून टाकू, दुसरा डबा घेऊन जा. दुसरा डबा घेऊ नका. घ्यायचाच असेल तर मुलाला दुकानात घेऊन जा आणि कोड तिथेच उभं राहून त्याच्या अकाउंटला लावा. नाहीतर पैसे, तेही बँकेतून, आणि ते जमा झाल्याचा मेसेज आल्यावरच तक्रार मागे घ्यायच्या कागदावर सही.