लेकराला वारंवार जुलाब: मशीन घ्यायच्या आधी बाटली आणि पाण्याचा गुंड (हंडा) बघा

ताई, तुम्ही लिहिलंय की ११ महिन्यांच्या लेकराला दोन महिन्यांत तिसऱ्यांदा जुलाब लागले, सासूबाई म्हणतात दात येताहेत, आणि तुम्ही पाण्याचं मशीन घ्यायचं म्हणताय. नागपुरातल्या वस्त्यांमध्ये मी २२ वर्षं अंगणवाडी चालवली, त्यावरून सांगते.

दातांमुळे असे जुलाब लागत नाहीत. या वयात लेकरू रांगतं, दिसेल ते तोंडात घालतं, वरचं खाणं सुरू झालेलं असतं. म्हणून वेळ तीच जुळते आणि दोष दातांवर जातो.

मी कुणाच्या घरी गेले की आधी दुधाची बाटली मागायची. एकदा एका आईसमोर बाटलीचं निपल ब्लेडने उभं चिरलं. आत पिवळट थर, बोटाला बुळबुळीत लागणारा. ती बाटली रोज उकळायची, निपल मात्र नुसतं विसळायची. बाटली आजच बंद करा. वाटी-चमच्याने पाजा, अंगावरचं दूध चालू ठेवा.

मग पाणी. नळ बंद असताना लाइन रिकामी असते. टिल्लू पंप (नळाला लावायची छोटी मोटर) लावला की फुटक्या जागेतून नालीचं पाणी आत ओढलं जातं. सुरुवातीचं गढूळ पाणी सोडून द्या. आणि चांगलं पाणी भरलं तरी गुंडात गिलास बुडवताना बोटं बुडतातच. मशीनचं पाणी त्याच गुंडात ओतलं तर पैसे वाया. झाकण आणि लांब दांड्याचं ओगराळं ठेवा.

लेकरासाठी पाणी उकळाच. आफ्रिका-आशियातल्या सात ठिकाणी झालेला मोठा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला, त्यात आपलं कोलकाताही होतं. लहानग्यांच्या जोरदार जुलाबांमागे रोटाव्हायरस, शिगेला, ई. कोलायचा एक प्रकार आणि क्रिप्टोस्पोरिडियम हे जंतू मुख्य निघाले. यातला क्रिप्टोस्पोरिडियम क्लोरिनला दाद देत नाही, उकळल्यावर मरतो.

अजून एक, जे मी घरोघरी सांगून थकले: तान्ह्याच्या शीला आपण घाण मानत नाही. नालीत टाकतो, फडक्याने पुसतो आणि त्याच हाताने भात कालवतो. शी संडासातच टाका, हात साबणाने धुवा. सकाळची खिचडी दुपारी भरवू नका. आपल्या मे महिन्यात ती तासा-दोन तासांत खराब होते.

आत्ता जुलाब चालू असतील तर ओआरएसची पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात कालवा, थोडं थोडं पाजत राहा. झिंकची २० मिलीग्रॅमची गोळी रोज एक, १४ दिवस, जुलाब थांबले तरी. दोन्ही अंगणवाडीत किंवा आशाताईंकडे मागा. खाणं तोडू नका. उपाशी ठेवलेलं लेकरू वाळतं, आणि वाळलेल्या लेकराला पुढचे जुलाब जास्त दिवस टिकतात. डोळे खोल गेले, लेकरू सुस्त पडलं, पाणी पिईना, किंवा शीमध्ये रक्त दिसलं तर थांबू नका, सरळ दवाखाना गाठा.

आणि लसीकरणाचं कार्ड आजच काढा. रोटाव्हायरसचे डोस ६, १० आणि १४ आठवड्यांना असतात. पहिला डोस राहिला असेल तर वर्ष पूर्ण व्हायच्या आतच सुरू करता येतो, आणि तुमच्याकडे जेमतेम एक महिना उरलाय. नवव्या महिन्याची गोवराची लस आणि अ जीवनसत्त्वाचा डोसही झालाय का, तेही त्याच कार्डावर बघा.