गोळ्या सुरू करण्यापूर्वी शस्त्रक्रियेची तारीख लेखी घ्या

आपण लिहिले आहे की आपल्याकडे दहा-बारा भटकी मांजरे जमतात, नसबंदीसाठी काही महिने थांबावे लागणार आहे आणि तोवर खाण्यातून गर्भनिरोधक गोळ्या द्याव्यात असे आपल्याला कोणी सुचवले आहे. याच पेचातून मी गेले असल्यामुळे थोडे सविस्तर लिहिते. मी पशुवैद्य नाही. मात्रा ठरवणे आणि कोणत्या मांजरीला गोळी द्यायची नाही हे सांगणे त्यांचेच काम आहे.

सुचवलेले औषध बहुधा मेजेस्ट्रॉल अ‍ॅसिटेट असावे. ते नियमित पोटात गेल्यास मादी माजावर येत नाही. जुन्या काळी मोठ्या मात्रेत आणि दीर्घकाळ दिल्यामुळे स्तनग्रंथींच्या गाठी, गर्भाशयात पू होणे आणि मधुमेह असे दुष्परिणाम दिसले, म्हणून ते बदनाम झाले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पशुवैद्यकीय आढाव्यात आठवड्याला २.५ मिलिग्रॅम या अल्प मात्रेचा पुनर्विचार झाला, पण तोही शस्त्रक्रियेला पूरक म्हणून. हा ‘पूरक’ शब्द सोयीस्करपणे विसरला जातो, आणि माझे सर्वाधिक नुकसान त्या विसरण्यानेच झाले.

ज्या कार्यालयात मी नसबंदीसाठी अर्ज केला होता, त्याचे नाव घेत नाही. गोळ्या सुरू असल्याचे अर्जात लिहिल्याबरोबर आमचा गट ‘नियंत्रणात’ असल्याची नोंद झाली आणि आमची पाळी मागे गेली. जिथे पिल्ले होत आहेत तिथे आधी, हे उत्तर ऐकायला रास्त वाटते. परंतु त्याचा अर्थ असा की, जो काळजी घेतो त्याने तात्पुरता उपाय अनिश्चित काळ ओढत राहावे आणि दुष्परिणामांचा धोका त्याच्या मांजरींनी सोसावा. सामायिक ताटात दांडगी मांजरे दुप्पट औषध खातात आणि भित्र्यांच्या वाट्याला काहीच येत नाही, हे मी तिथे परोपरीने सांगितले. अखेर एक भित्री मादी व्याली, आणि पिल्लांची नोंद होताच आमचा क्रमांक तत्परतेने वर आला! याला नियोजन म्हणतात की काय, ते त्यांनाच ठाऊक.

म्हणून माझे मत, कोणाला टोकाचे वाटले तरी, असे आहे की तारीख लेखी हातात आल्याशिवाय पहिली गोळी देऊ नये. दिल्यास प्रत्येक मादीला वेगळ्या वाटीत, ओल्या खाण्याच्या एका घासात द्यावी आणि तो घास पोटात गेल्याचे पाहूनच मोठे ताट मांडावे. गाभण असल्याची शंका असलेल्या मादीला ती मुळीच देऊ नये, कारण पिल्लांना अपाय होऊ शकतो आणि प्रसूती अडू शकते. मधुमेही मांजरीलाही नको. स्तनांना सूज दिसली तर गोळी थांबवून लगेच पशुवैद्याला दाखवावे. माणसांसाठीच्या गर्भनिरोधक गोळ्या परस्पर वापरण्याचा विचारही करू नये.

तारीख मिळाल्यावर पिंजऱ्यांची संख्या अपुरी पडली, तर माद्यांना आधी पकडावे. बोक्यांना या गोळीचा उपयोग नाही, आणि एक बोका पकडल्याने जन्म थांबत नाहीत, कारण दुसरा त्याची जागा घेतो. आणखी एक सूचना: घरात कोणी गरोदर असेल, तर त्यांनी या गोळ्या हाताळू नयेत, इतरांनीही कुटताना हातमोजे घालावेत.