रुजू होण्याआधी एवढं विचार

नाशिक

प्रिय मित्रा,

एचआयव्ही प्रतिबंधक औषधाच्या, परदेशी निधीतून होणाऱ्या अभ्यासात तू समुपदेशक म्हणून रुजू होतोयस हे कळलं. आनंद झाला, काळजीही वाटली.

या अभ्यासांतलं अवघड गणित असं, की काही सहभागींना लागण झाल्याशिवाय, नवं औषध मिळालेला आणि न मिळालेला अशा दोन गटांतला फरक दिसतच नाही. तुझं काम मात्र एकालाही लागण होऊ नये यासाठी झटण्याचं. आडगाव नाक्यावरचा ट्रक ड्रायव्हर समोर बसला, की कंडोमपासून गुप्तरोगाच्या उपचारांपर्यंत सगळं जीव ओतून सांग. त्यामुळे अभ्यास लांबला तर लांबू दे.

तरीही कुणाला तरी लागण होईलच. मग त्याचं कोण बघणार? कंबोडियात 2004 मध्ये टेनोफोविर या एचआयव्ही प्रतिबंधक गोळीचा अभ्यास सुरू होण्याआधीच बंद पडला, तो याच प्रश्नावर. तिथल्या देहविक्रय करणाऱ्या महिला संघटित होत्या. उद्या अपाय झाला तर पुढच्या उपचारांची हमी द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. पुष्कळ संशोधक हळहळले. ते औषध पुढे उपयोगी ठरलं हेही खरं, पण म्हणून त्या बायकांचा प्रश्न चुकीचा ठरत नाही. मला तर तो आजही सगळ्यांत रास्त वाटतो.

आपल्याकडे एआरटी, म्हणजे एचआयव्हीला आवरणारी औषधं, सरकारी केंद्रांत मोफत मिळते. पण ‘सिव्हिलला जा’ म्हणून चिठ्ठी हातात दिली, की जबाबदारी संपत नाही. पेठ-सुरगाण्याहून दिंडोरीच्या द्राक्षबागेत आलेला मजूर हंगाम सरला की गावी परततो. तिथून गोळ्यांसाठी तो कुठे जाणार, पहिल्या खेपेला सोबत कोण असणार, बुडालेली रोजंदारी कोण भरून देणार? त्याचं नाव नोंदवण्याआधीच हे ठरलेलं हवं. आणि प्रकल्पाचं नाव रंगवलेली गाडी मजुरांच्या वस्तीवर कधीही नेऊ नकोस. संमतीशिवाय कुणाचा अहवाल फोडायचा नाही, असं 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा सांगतो. पण गाडी दारात उभी राहिली, की मुकादमाला अहवाल वाचायची गरजच उरत नाही.

औषध लागू पडलं तर ते कुणाला मिळणार, हेही विचार. 2024 मध्ये लेनाकापाविर या एचआयव्ही प्रतिबंधक औषधाच्या अभ्यासात दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या, इंजेक्शन घेणाऱ्या 2,134 तरुणींपैकी एकीलाही लागण झाली नाही. अशा यशावर पहिला हक्क ज्यांनी इंजेक्शन टोचून घेतलं त्यांच्या वस्त्यांचा आहे, असं मी मानतो.

रुजू होण्याआधी प्रोटोकॉलची, म्हणजे अभ्यासाच्या लेखी आराखड्याची, प्रत मागून घे. नुकसानभरपाईची आणि अभ्यासानंतरच्या औषधाची पानं नीट वाच. अडलं तर रविवारी घरी ये, दोघं मिळून वाचू.

तुझा,
सर