तूर निघाल्यावर आईबाबा येणार, आणि घरात माझा नवरा आहे

“मॅडम, आईबाबांना दोन महिने इकडे आणायचं आहे. तिकिटाचे पैसे बाजूला काढलेत. पण माझं लग्न झालंय हे त्यांना माहीत नाही. आणि लग्न मुलाशी झालंय.”

एवढं बोलून तो थांबला. माझ्याकडे रात्रीचे साडेआठ वाजले होते, त्याच्याकडे टोरोंटोत सकाळचे दहा. थोड्या वेळानं म्हणाला, “हे मी मराठीत पहिल्यांदाच बोललो.”

वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी समुपदेशन करते. नवराबायकोतले ताण, परीक्षेची धास्ती, दारू, कर्जापायी उडालेली झोप, हे रोजचं. पण असा प्रश्न घेऊन येणारा तो पहिला नाही. नोकरीसाठी बाहेर गेलेली आणि तिथे आपल्या माणसासोबत संसार मांडलेली मुलंमुली मला विचारतात: आईवडिलांना बोलवू का? बोलावलं तर काय लपवू, किती लपवू? म्हणून त्याच्या आणि त्याच्या घरच्यांच्या परवानगीनं, ओळख पटेल असं सगळं बदलून, हे लिहिते आहे.

तो चौतीस वर्षांचा. घरी सात एकर कोरडवाहू, कापूस, सोयाबीन आणि तूर. नागपुरात इंजिनिअरिंग केलं, मग कॅनडा. नवरा केरळचा, दवाखान्यात नर्स. कॅनडात 2005 पासून दोन पुरुषांचं किंवा दोन स्त्रियांचं लग्न कायद्यानं होतं, तसं यांचं 2021 मध्ये झालं. तिकडेही एका समुपदेशकाकडे तो जाऊन आला होता. माणूस चांगला होता म्हणाला, पण “लोक काय म्हणतील” म्हणजे नेमकं काय, हे समजावण्यातच तास संपायचा. आमच्याकडे दुपारी चारला एसटीतून कोण उतरलं हे साडेचारपर्यंत गावभर होतं. ते मला समजावून सांगावं लागत नव्हतं.

त्यानं सगळं आखून ठेवलं होतं. आईबाबांना यायला सवड कधी, तर तूर निघाल्यावर आणि मिरगाच्या आत. त्यातही गुढीपाडव्यानंतर, कारण सालगड्याचं साल पाडव्याला बदलतं आणि नवा गडी बैलांवर रुळल्याशिवाय बाबा घर सोडणार नाहीत. म्हणजे एप्रिल आणि मे. तेवढे दिवस नवरा मित्राकडे राहील. लग्नाचे फोटो काढून ठेवायचे. विचारलंच तर “एक रूममेट होता, गेला.” आणि व्हिसाच्या कागदांवर स्वतःला अविवाहित लिहायचं.

मी त्याला घर दाखवायला सांगितलं. फोन हातात धरून तो फिरला. फ्रिजवर दोघांच्या ड्यूटीचा तक्ता, त्यावर दोन हस्ताक्षरं. कपाटात नारळाच्या तेलाचा मोठा डबा, त्याला लागून घरून आलेलं तिखट. दुसऱ्या खोलीत पलंग होता. त्या गादीच्या एका कोपऱ्याला दुकानातलं प्लास्टिक अजून तसंच होतं.

“आई आल्यावर पहिलं काय करील?” मी विचारलं.

तो हसला. “चादरी धुवायला काढील.”

“मग?”

त्यानं त्या कोपऱ्याकडे पाहिलं. बराच वेळ काही बोलला नाही.

आपल्या बाया घर डोळ्यांनी पाहत नाहीत, हातानं पाहतात. भांडी लावून देतील, डबे पुसतील, गाद्यांना ऊन दाखवतील. दोन महिने त्यांच्यापासून संसार लपवायचा तर मुलाला चोवीस तास पहाऱ्यावर राहावं लागतं. ज्या आईशी बोलायला म्हणून तिला एवढ्या लांब आणलं, तिच्यावरच लक्ष ठेवण्यात दिवस जातात. मी हे होताना पाहिलंय. आईवडील परत जातात तेव्हा म्हणतात, “पोरगा बदलला, आमच्याशी बोलत नाही.” आणि पोरगा आजारी पडतो.

पुढच्या वेळी मी नवऱ्यालाही बसवायला सांगितलं. त्याला मराठी येत नाही, आम्ही हिंदी-इंग्रजीत बोललो. घर सोडायला तो तयार होता. वाईट वाटतंय का विचारलं तर नाही म्हणाला. मग सहज बोलावं तसं म्हणाला, “रात्रपाळीहून सकाळी आठला मी येतो तेव्हा याचा चहा झालेला असतो. दोन महिने मी कुठल्या दारावर बेल वाजवू?” आमच्या नायकानं मान खाली घातली. या सगळ्या आखणीत त्या माणसाला काय होईल, हे कोणी लिहूनच ठेवलं नव्हतं.

आता कागदाचं. मी व्हिसाची जाणकार नाही, पण याबाबत मी ठाम आहे: फॉर्मवर खोटं लिहायचं नाही. कॅनडाच्या निमंत्रणपत्रात बोलावणाऱ्यानं आपल्या जोडीदाराचं नाव आणि जन्मतारीख द्यायची असते. घरात किती माणसं राहतात तेही सांगायचं असतं. शिवाय आईवडिलांच्या कुटुंबाच्या माहितीच्या फॉर्मवर मुलांची वैवाहिक स्थिती विचारतात. तिकडे कर भरताना हा “विवाहित” म्हणून नोंदलेला. खोटी माहिती उघडी पडली तर अर्जदाराला पाच वर्षं कॅनडात पाऊल टाकता येत नाही. आणि अर्जदार कोण? सही कोणाची? सातवी शिकलेल्या आईची.

मग दुसरा मार्ग सुचला त्याला. खरं लिहायचं, पण आईबाबांना वाचून दाखवायचं नाही. इंग्रजीत आहे, कळणार नाही. मी विचारलं, “आणि फॉर्म भरेल कोण?” तालुक्याला पासपोर्ट-व्हिसाची कामं करणारा एक पोरगा आहे, तो गावातल्याच कोणाचा तरी भाचा. म्हणजे आईला कळायच्या आधी पारावर कळणार. हे टाळता येतं, कारण घरचा माणूस बिनपैशाचा प्रतिनिधी म्हणून तिकडून ऑनलाइन अर्ज भरू शकतो. तरी माझ्या मनाला ते पटलं नाही आणि मी तसं सांगितलं. लग्नाबद्दल गप्प राहणं हा त्याचा हक्क आहे. पण आईच्या सहीवर असं काही ठेवायचं, जे तिच्यासोडून सगळ्या ऑफिसला ठाऊक आहे, हा हक्क कोणाला नाही.

तीन-चार आठवडे आम्ही इथेच घुटमळलो. सांगायचं की नाही हे मी ठरवत नाही, कधीच ठरवलेलं नाही. मागे एका मुलीला मी न सांगण्यातच साथ दिली होती. तिच्या घरी मारझोड होती, बापानं एकदा कागदपत्रं काढून घेतली होती. तिनं आईवडिलांना परदेशी बोलावलंच नाही. सुट्टी काढून आली, त्यांना काशीला नेऊन आणलं, आणि परत गेली. भेट झाली, तिचं घर तिचं राहिलं. ज्यांच्या घरी जिवाला धोका आहे त्यांनी हाच रस्ता धरावा. त्यात पळपुटेपणा काही नाही.

याच्या घरी तसं नव्हतं. बाप अबोल, पण हात उगारणारा नाही. बहीण हिंगणघाटला दिलेली, तिला दोन वर्षांपासून माहीत होतं. तिची भीती सासरची होती. ते आम्ही तिच्यावरच सोडलं: नवऱ्याला सांगायचं का, हे तिचं ती बघेल.

त्यानं सांगायचं ठरवलं. पण सांगायचं तिकडे, ते आल्यावर, निवांत. मी अडवलं. परक्या देशात, ना भाषा, ना पायाखालची वाट, जेवण मुलाच्या हातचं, तिकीट मुलाच्या हातात. अशा ठिकाणी हे ऐकलं तर रागावून त्यांनी जायचं कुठे? रागावायलाही स्वतःचं अंगण लागतं. ज्यांना सांगायचंय त्यांनी ते आईवडिलांच्या घरात सांगावं आणि सांगून लगेच विमानात बसू नये. दिवाळीला ये, म्हटलं. सांगितल्यावर निदान पाच दिवस गावात थांब. पासपोर्ट बहिणीकडे ठेव, वर्ध्याला एखादा मित्र तयार असू दे. रात्री नको, सकाळी सांग. आणि तुझ्यामागे आईबाबा कोणाशी बोलतील, ते आधी बघ.

हा शेवटचा प्रश्न मुलांच्या मनात येतच नाही, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा तोच. मुलं म्हणतात, सांगितलं की सुटलो. पण गुपित सांगून संपत नाही, ते वाटलं जातं. मुलगा नागपूरहून विमानात बसतो. आई तिथेच राहते, त्याच गल्लीत, त्याच हळदीकुंकवात, आणि “पोराचं लगन कवा?” हे आता तिला जाणूनबुजून झेलावं लागतं. आधी तो लपवत होता, आता ती लपवणार. हे ओझं देण्याआधी त्यातलं किती तिच्या डोक्यावर ठेवतोय, ते मुलानं पाहायला हवं.

दिवाळीत, बलिप्रतिपदेच्या दुसऱ्या दिवशी, त्यानं विहिरीवर बाबांना सांगितलं आणि घरी येऊन आईला. बाबा काही न बोलता वखर घेऊन गेले. आई रडली, मग स्वयंपाक केला. तो पाच दिवस थांबला. चौथ्या दिवशी बाबांनी एकच विचारलं: “तथी तुले कोनी तरास तं नाई देत?”

पंधरा दिवसांनी बहीण आईला घेऊन माझ्याकडे आली. बाई खुर्चीच्या टोकावर बसल्या. पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.

“मॅडम, याच्यावर काई इलाज हाय का?”

मी सांगितलं, हा आजार नाही, म्हणून इलाज नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 1990 मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. कोणी डॉक्टर “बरं करतो” म्हणाला तर तो नियम मोडतोय. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं 2022 मध्ये अशा उपचाराला व्यावसायिक गैरवर्तन ठरवलंय. हे मी हळूहळू, दोनदा सांगितलं. त्यांनी मान डोलावली, पण मनात दुसरंच होतं.

“पोलीस त्याले धरतीन का, गावात आला तं?”

नाही. 6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की दोन सज्ञान माणसांचं संमतीचं नातं गुन्हा नाही. लग्नाला मात्र आपल्याकडे मान्यता नाही, 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात न्यायालयानं ते संसदेवर सोडलं. पण धरायला कोणी येणार नाही. तेव्हा कुठे त्यांनी पिशवी खाली ठेवली.

मग आला खरा प्रश्न. “लोकाईले मी काय सांगू?”

आम्ही एक वाक्य तयार केलं. खोटं नसलेलं, छोटं, आणि ज्याच्यापुढे दुसरा प्रश्न अवघड होईल असं. चार-पाच वाक्यं करून पाहिली. “त्याले लगनच कराचं नाई” हे त्यांनीच नाकारलं, “खोटं हाय ते.” शेवटी त्यांच्याच तोंडून निघालं: “त्याचं तो पाह्यते. सुखात हाय.” हे वाक्य बहिणीनंही पाठ केलं. मी त्यांना ते मोठ्यानं म्हणायला लावलं. मी शेजारीण झाले, मावशी झाले, स्थळ घेऊन आलेला मामा झाले. तिसऱ्यांदा म्हणताना त्यांचा आवाज कापला नाही. अशा घरांना मी हे नेहमी करायला लावते. जिभेला वळण नसेल तर ऐनवेळी माणूस गडबडतो, आणि गडबडलेल्या बाईला गाव आणखी खोदतं.

अर्ज त्यानं तिकडून भरला, आईचा एकटीचा. बाबा म्हणाले, या वर्षी नाही. पाठवण्याआधी बहिणीनं प्रत्येक ओळ वऱ्हाडीत सांगून आईला ऐकवली. मुलाच्या वैवाहिक स्थितीचा रकाना आला तेव्हा तिनं वाचणं थांबवलं. आई म्हणाली, “काहून थांबली? खरं हाय ते लिव्ह.”

बोटांचे ठसे द्यायला मुंबईची खेप झाली. व्हिसा आला. विमानतळांवर व्हीलचेअर सांगून ठेवली होती. पाय धड आहेत बाईंचे, पण पाटी वाचता येत नसली की व्हीलचेअर ढकलणारा माणूस मोठा आधार असतो. रक्तदाबाच्या गोळ्या मोजून दिल्या, प्रवासाचा विमा काढला. नवरा घरातच राहिला, त्याच्या खोलीत, त्याच्या जागी. फोटो भिंतीवर होते. पहिले आठ दिवस त्या त्याच्याशी बोलल्या नाहीत, बहिणीला रोज फोन करून रडायच्या. एकदा तर तिकीट बदल म्हणाल्या. त्यानं आढेवेढे न घेता चौकशी केली, पैसे किती लागतील ते सांगितलं, हवं तेव्हा जाता येईल म्हणाला. मग त्या थांबल्या. नवव्या-दहाव्या दिवशी त्या पहाटे उठल्या, आणि रात्रपाळीहून आलेल्या त्या पोराला चहा त्यांनी दिला. भाषा दोघांनाही एकमेकांची येत नव्हती.

सात आठवडे राहून, मिरगाच्या चार दिवस आधी त्या परतल्या. गल्लीत विचारणारे विचारतात. त्या म्हणतात, “त्याचं तो पाह्यते.” कधी तेवढ्यावर भागतं, कधी नाही. ज्या दिवशी भागत नाही त्या दिवशी संध्याकाळी मला फोन येतो.

बाबांनी पासपोर्ट काढलाय. अर्ज अजून नाही. विचारलं तर म्हणतात, यंदा गडी नवा आहे, पाहू, तूर निघू द्या.