किडनी द्यायचीये पण आधी मुतखडा होऊन गेलाय, तर डॉक्टरांना सांगायचं का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. भावाचं डायलिसिस सुरू झालंय, तुमचा ब्लडग्रुप जुळतोय, तुमच्या तपासण्या आता सुरू होणार, आणि घरचे म्हणतायत की काही वर्षांपूर्वी मुतखडा झाला होता ते बोलू नकोस, उगाच नाही म्हणतील. तर बाकीचं सगळं नंतर, आधी हे घ्या. सांगा. पहिल्याच भेटीत, कुणी विचारायच्या आधी सांगा.

मी माझ्या थोरल्या बहिणीला किडनी दिली त्याला आता बरीच वर्षं झाली, त्यानंतर किडनी देणाऱ्या कितीतरी लोकांशी बोलणं होत राहिलं, आणि जवळजवळ प्रत्येकाला सुरुवातीला असंच वाटत असतं की ही आपली परीक्षा आहे आणि भावासाठी, नवऱ्यासाठी, मुलासाठी ती पास व्हायचीच. तसं नाहीये हो. तुमची किडनी भावाला चालेल का हे बघणाऱ्या टेस्ट मोजक्या असतात. बाकी जो ढीगभर तपास होतो त्यातला बराचसा तुमच्यासाठी असतो, एका किडनीवर तुमचं पुढचं सगळं आयुष्य नीट जाईल का हे बघायला. त्यात तुम्ही काही लपवलं तर फसवणूक डॉक्टरांची होत नाही, तुमचीच होते.

आता खड्याचंच घ्या. दोन किडन्या असताना एका बाजूला खडा अडकला तर जीव जाईल असं दुखतं, पण दुसरी किडनी काम करत असते. एकच किडनी उरलेली असताना तिची लघवी खाली नेणारी नळी खड्याने बंद झाली तर लघवीच थांबते आणि तासांच्या हिशोबात धावपळ करावी लागते. म्हणून त्यांना हे माहीत हवं. आणि एकदा कधीतरी एक खडा झाला म्हणजे लगेच बाद, असंही नसतं. सीटीमध्ये आत्ता खडे आहेत का बघतात, लघवीत कॅल्शियम, ऑक्झलेट, युरिक अॅसिड किती जातंय, सायट्रेट कमी आहे का ते तपासतात, जुना खडा कशाचा होता याचा रिपोर्ट असेल तर तो मागतात, आणि मग परत होण्याची शक्यता किती ते ठरवतात. कितीतरी जणांना यातून होकार मिळतो. वारंवार खडे होणाऱ्यांना सहसा नाही म्हणतात, आणि ते बरोबरच आहे.

जुळण्याच्या टेस्टबद्दल थोडक्यात. ब्लडग्रुपमध्ये ए, बी, ओ एवढंच बघतात, पॉझिटिव्ह-निगेटिव्हचा इथे संबंध नसतो. मग टिश्यू टायपिंग, म्हणजे दोघांच्या पेशींवरच्या खुणा किती जुळतात ते. सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळण्याची शक्यता 25 टक्के, अर्धं जुळण्याची 50 टक्के आणि अजिबात न जुळण्याची 25 टक्के असते, तेव्हा सख्खी बहीण असूनही कमी जुळलं तर मनाला लावून घेऊ नका, आताच्या औषधांवर कमी जुळलेल्या किडन्याही छान चालतात. खरा अडसर येतो क्रॉसमॅचमध्ये. भावाच्या रक्तात तुमच्या पेशींविरुद्ध अँटीबॉडी, म्हणजे परक्या पेशींवर हल्ला करणारे घटक, तयार आहेत का ते त्यात कळतं, आधी रक्त चढवलेलं असेल तर अशा अँटीबॉडी असू शकतात. ही टेस्ट ऑपरेशनच्या तोंडावर परत करतात, त्यामुळे आधी एकदा झाली होती तर आता पुन्हा कशाला असं म्हणू नका.

मग 24 तासांची लघवी. ऐकायला सोपं वाटतं पण गडबड सगळ्यात जास्त इथेच होते. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची आणि ती वेळ लिहून ठेवायची. तिथून पुढची प्रत्येक लघवी, रात्रीची, संडासला जाताना होणारी, सगळी त्या कॅनमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची पहिली लघवी मात्र धरायची. मधली एक जरी राहिली तरी क्रिएटिनिन क्लिअरन्स, म्हणजे किडनी रक्त किती साफ करते याचा अंदाज, खोटाच कमी दिसतो, प्रोटीनचा आकडाही चुकतो आणि सगळं परत करावं लागतं. कॅन कुठे आणि कसा ठेवायचा ते लॅब सांगेल. घराबाहेर पडायचं नसेल असाच दिवस निवडा. पाणी नेहमीइतकंच प्या, रिपोर्ट चांगला यावा म्हणून तांबेच्या तांबे पिऊ नका.

किडनी किती काम करतेय याचा आकडा म्हणजे जीएफआर. केडिगो ही किडनीच्या आजारांवर काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था, तिच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तो 90 किंवा वर असेल तर चांगलं, 60 च्या खाली असेल तर देता येत नाही, आणि मधल्यांचा निर्णय वय, बीपी, बाकी तब्येत बघून घेतात. 65 वर्षांच्या माणसाचा 80 आणि तिशीतल्या मुलीचा 80 यात फार फरक आहे, तिला त्याच किडनीवर अजून पन्नास वर्षं काढायचीयेत. बीपी डॉक्टरांसमोर वाढतं अशी खूप जणांची तक्रार असते, त्यासाठी दंडाला दिवसभर आणि रात्रभर मशीन लावून देतात, दर थोड्या वेळाने पट्टा फुगतो, झोपमोड होते, पण खरं बीपी त्यातच कळतं. शुगरसाठी उपाशीपोटी रक्त, गरज वाटली तर 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी परत. एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, टीबी, वयाप्रमाणे कॅन्सरच्या तपासण्या, ईसीजी, छातीचा एक्स-रे, हे सगळं ओघात होऊन जातं.

सीटी अँजिओला लोक घाबरतात म्हणून सांगतो. शिरेतून औषध सोडलं की छातीपासून खाली गरम लाट गेल्यासारखं होतं आणि आपल्याला आपोआप लघवी झाली की काय असं वाटतं. झालेली नसते. काही सेकंदांत जातं ते, हलू नका फक्त. त्यात किडनीच्या रक्तवाहिन्या किती आणि कशा आहेत ते दिसतं. बहुधा डावी किडनी घेतात कारण तिची शीर लांब असते, जोडायला सोपं जातं. पण दोन्हींच्या कामात फरक असेल तर चांगली किडनी तुमच्याकडेच ठेवतात. मला हे समजलं तेव्हा खूप धीर आला होता.

एक भेट तुमची एकटीची असते, सायकॉलॉजिस्ट किंवा सोशल वर्करबरोबर. घरचं कुणी आत नसतं. कुणी दबाव टाकतंय का, पैशाचा काही संबंध आहे का, नंतर आराम करायला मिळेल का, किडनी भावाच्या शरीरात चालली नाही तर तुम्ही ते कसं घ्याल, असं विचारतात. माझ्या वेळी ती बाई बराच वेळ गप्प बसून माझं ऐकत होती आणि जे मी घरात कुणाशी बोललो नव्हतो ते तिथे बोललो. मनात भीती असेल तर तिथे बोला ताई, भीती वाटते म्हणून कुणी बाद करत नाही. आणि नकोच वाटलं तर अगदी भूल देईपर्यंत तुम्ही थांबू शकता. अशा वेळी चांगली टीम घरच्यांना फक्त 'डोनर म्हणून योग्य नाहीत' एवढंच सांगते, बाकी काही उघड करत नाही. तुमची बाजू बघणारा डॉक्टर आणि भावाचा डॉक्टर वेगवेगळे असावेत असा आग्रह धरा.

धोका किती हे विचारलंय तुम्ही. 2014 साली अमेरिकेतल्या डोनर्सचा एक मोठा अभ्यास आला, त्यात पुढे आयुष्यात कधीतरी स्वतःचीच किडनी निकामी होण्याचा अंदाज 10 हजार डोनरमागे 90 होता. तेवढ्याच निरोगी पण किडनी न दिलेल्या लोकांत 14, आणि कसलीही तपासणी न केलेल्या सर्वसाधारण लोकांत 326. म्हणजे धोका वाढतो, हे कुणी नाकारू नये, पण नीट तपासून घेतलेल्या माणसात तो लहान राहतो. पुढे मूल हवं असेल तर तेही आत्ताच बोला, किडनी दिल्यानंतरच्या गरोदरपणात बीपी वाढण्याचं प्रमाण जास्त आढळलंय. उरलेली किडनी हळूहळू जास्त काम उचलते, दोन्ही मिळून आधी जेवढं होत होतं त्याच्या साधारण 60-70 टक्क्यांपर्यंत येते. 23 डिसेंबर 1954 ला बोस्टनला पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण झालं त्यात जुळ्या भावाला किडनी देणारे रोनाल्ड हेरिक त्यानंतर 56 वर्षं जगले.

आणि समजा नाही म्हणाले तर? खूप वाईट वाटतं, रडू येतं, भावाला तोंड कसं दाखवू असं होतं, आमच्याच घरात माझ्याआधी धाकट्या बहिणीला नाही म्हणाले होते कारण तपासणीत तिची शुगर निघाली. तिला काहीच त्रास नव्हता, कळलंच नसतं. आज तिची शुगर ताब्यात आहे आणि दोन्ही किडन्या शाबूत आहेत. क्रॉसमॅचमुळे अडलं तर अदलाबदलीचा मार्ग असतो, दुसऱ्या कुटुंबातला डोनर तुमच्या भावाला आणि तुमची किडनी त्यांच्या पेशंटला, त्याबद्दल आधीच विचारून ठेवा.

पहिल्या भेटीला जाताना मुतखड्याच्या वेळचे सगळे कागद, सोनोग्राफी, औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन जा. डोकेदुखी, कंबरदुखीला कुठल्या पेनकिलर किती वेळा घेता ते खरं खरं लिहून न्या, कारण नंतर त्यातल्या बऱ्याच बंद कराव्या लागतील. आणि घरच्यांपैकी जे खड्याचं लपव म्हणतायत त्यांना बरोबर न्या, डॉक्टरांच्या तोंडून ऐकू दे त्यांना.