पालिकेकडे काय मागावं?

प्रश्न : ताई, आमची छोटी संस्था कचरावेचक बायांना कामावर घेणार आहे. पालिकेकडे त्यांच्या पगारासाठीच अनुदान मागावं का? – एक वाचक, सातारा

उत्तर : आधी पुण्याची ‘स्वच्छ’ बघा. १९९३ साली उभ्या राहिलेल्या ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ या कचरावेचकांच्या संघटनेतून ही त्यांचीच सहकारी संस्था आली. २००८ मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. तिथे बायांची कमाई घरोघर कचरा उचलण्याच्या शुल्कातून आणि भंगारातून होते. पालिका देते व्यवस्थापनाचा खर्च, साधनं. म्हणून अनुदान लांबलं तरी चूल पेटते. मी एकदा निव्वळ अनुदानावर दोघींना नेमलं. हप्ता सात महिने अडला, एकीला मुलीची शाळा सोडवावी लागली. ते अजून सलतं. तुम्ही हातमोजे, ढकलगाड्या, ओळखपत्रं मागा, आणि पर्यवेक्षकाचं मानधन. ती पर्यवेक्षकही त्यांच्यातलीच नेमा.