मुलगी अमेरिकेत तिसरीत आहे. तिला सुरुवातीचे राष्ट्राध्यक्ष कसे शिकवू?

तुम्ही लिहिलंय की वर्षभरापूर्वी पुण्याहून न्यू जर्सीला आलात, शाळेतून पहिल्या पाच राष्ट्राध्यक्षांचा अभ्यास आलाय, मुलगी नावं आणि सनावळ्या घोकते आणि दुसऱ्या दिवशी विसरते. शिवाय हा इतिहास तुम्हाला स्वतःला कधी कुणी शिकवलेला नाही. मी इथल्याच एका प्राथमिक शाळेत शिकवते आणि दर फेब्रुवारीत, प्रेसिडेंट्स डेच्या आसपास, याच वयाच्या मुलांना हाच भाग शिकवते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सनावळ्या आधी बाजूला ठेवा. वॉशिंग्टन, अ‍ॅडम्स, जेफरसन, मॅडिसन, मन्रो हा क्रम गोष्टी ऐकता ऐकता बसतो. आठ वर्षांच्या मुलांना या सगळ्यात एक गोष्ट खरोखर भिडते, ती म्हणजे यांच्या आधी हे काम कुणी केलेलंच नव्हतं. राजा कसा वागतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण राजा नसलेल्या देशाच्या प्रमुखाला काय म्हणायचं, त्याने कधी थांबायचं, निवडणूक हरला तर काय करायचं, हे कुणालाच माहीत नव्हतं. मैदानात नवा खेळ सुरू करताना मुलांचा निम्मा वेळ नियम ठरवण्यात आणि त्यावरून भांडण्यात जातो, त्यामुळे ही अडचण त्यांना लगेच कळते.

सुरुवात इथून करा. ३० एप्रिल १७८९. राजधानी तेव्हा न्यूयॉर्कला होती. वॉल स्ट्रीटवरच्या फेडरल हॉलच्या सज्जात उभं राहून जॉर्ज वॉशिंग्टन शपथ घेतात. आता लेकीला विचारा, यांना हाक काय मारायची? महाराज? सरकार? तिला दोन-चार नावं सुचवू द्या. मग सांगा की सिनेटमध्येही, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहातही, यावर खूप वाद झाला. तिथल्या समितीने ‘हिज हायनेस’ने सुरू होणारी एक लांबलचक पदवी सुचवली होती, आणि उपराष्ट्राध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स अशा भारदस्त पदवीच्या बाजूने होते. दुसऱ्या सभागृहाने ती मान्य केली नाही आणि साधं ‘प्रेसिडेंट’ उरलं. माझ्या वर्गात या वादाला मी अख्खा तास देते. मुलं दोन गट करून भांडतात आणि त्यानंतर वॉशिंग्टनचं नाव कुणी विसरत नाही.

पुढचा प्रश्न त्याहून मोठा: थांबायचं कधी? राज्यघटनेत मुदत चार वर्षांची होती, पण किती वेळा निवडून यायचं याला मर्यादा नव्हती. वॉशिंग्टननी ब्रिटिशांविरुद्धचं स्वातंत्र्ययुद्ध जिंकल्यावर १७८३ मध्ये सेनापतिपद परत केलं होतं, तसंच दोन मुदती झाल्यावर १७९७ मध्ये ते माउंट व्हर्ननला आपल्या घरी निघून गेले. फ्रँकलिन रूझवेल्ट १९४० मध्ये तिसऱ्यांदा निवडून येईपर्यंत ही प्रथा टिकली, आणि १९५१ मध्ये घटनादुरुस्ती होऊन तिचा कायदा झाला. मला विचाराल तर पाचही जणांच्या अभ्यासात हा सगळ्यात महत्त्वाचा प्रसंग आहे. घाई न करता, निवांत सांगा.

चेरीच्या झाडाची गोष्ट तिच्या कानावर येणारच. लहानग्या जॉर्जने वडिलांचं झाड तोडलं आणि मी खोटं बोलणार नाही म्हणाला, ती. ही गोष्ट मेसन वीम्स नावाच्या चरित्रकाराने वॉशिंग्टनच्या मृत्यूनंतर छापली आणि तिला कसलाही आधार नाही. दात लाकडाचे होते हेही खरं नाही. त्यांच्या कवळ्या पाणघोड्याचे सुळे, माणसांचे दात आणि धातू वापरून केलेल्या होत्या. मुलांना हे ऐकायला फार आवडतं, आणि ‘मग हे कळलं कसं?’ असा प्रश्न ती आपणहून विचारतात. तो प्रश्न पडावा म्हणून तरी या गोष्टी सांगाच.

आता गुलामगिरीबद्दल. पुष्कळ पालक म्हणतात, इतक्या लहान वयात कशाला? मी याच्या ठाम विरोधात आहे. आठ वर्षांच्या मुलांना अन्याय नीट कळतो. १७९९ मध्ये माउंट व्हर्ननवर ३१७ गुलाम होते. हा आकडा तिला कदाचित फार काही सांगणार नाही, पण ओना जजची गोष्ट सांगेल. ओना ही गुलाम मुलगी वॉशिंग्टनच्या पत्नी मार्था यांच्या खास सेवेत होती. राजधानी फिलाडेल्फियाला गेल्यावर तिलाही तिथे नेलं. मार्थाच्या नातीचं लग्न झालं आणि ओनाला त्या नातीला देऊन टाकायचं ठरलं. माणूस भेट म्हणून द्यायचा, हे ऐकून वर्गात एकदम शांतता होते. मे १७९६ मध्ये घरची मंडळी जेवायला बसलेली असताना ओना बाहेर पडली आणि जहाजाने न्यू हॅम्पशरला पोचली. वॉशिंग्टननी तिला परत आणायचा प्रयत्न केला, पण ती सापडली तरी परतली नाही. पुढे ती लिहायला-वाचायला शिकली आणि १८४८ मध्ये वारली. वॉशिंग्टननी मृत्युपत्रात आपल्या मालकीच्या गुलामांना मुक्त करायला सांगितलं होतं, हेही सांगा. दोन्ही सांगा आणि तिला काय वाटतं ते तिला ठरवू द्या. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात ‘सगळी माणसं समान आहेत’ हे लिहिणाऱ्या जेफरसनकडे आयुष्यभरात सहाशेहून जास्त गुलाम होते. अ‍ॅडम्सनी एकही गुलाम ठेवला नाही.

या विषयाचा धागा आपल्या घरापर्यंतही येतो. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केलं, ते अर्पण केलंय गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकन लोकांना. तुमच्या लेकीला हे जरूर सांगा. वर्गात ही गोष्ट फक्त तीच सांगू शकेल.

अ‍ॅडम्स मुलांना आधी कंटाळवाणे वाटतात. त्यांच्या घरापासून सुरुवात केली की चित्र बदलतं. १८०० च्या नोव्हेंबरात ते अर्धवट बांधलेल्या व्हाइट हाउसमध्ये राहायला गेले. अ‍ॅबिगेल अ‍ॅडम्स तिथल्या भल्यामोठ्या ईस्ट रूममध्ये कपडे वाळत घालायच्या. त्याच वर्षी अ‍ॅडम्स जुने मित्र जेफरसन यांच्याकडून निवडणूक हरले. रागावले, शपथविधीला थांबले नाहीत, पहाटेच गाव सोडलं. पण खुर्ची सोडली! दोघांनी कित्येक वर्षं अबोला धरला, मग १८१२ मध्ये पत्रं सुरू झाली, आणि ४ जुलै १८२६ रोजी, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला बरोबर पन्नास वर्षं झाली त्या दिवशी, दोघेही वारले. तारीख पाठ करायचीच तर ही एक करून घ्या.

जेफरसनसाठी नकाशा लागेल. १८०३ मध्ये त्यांनी फ्रान्सकडून दीड कोटी डॉलरला लुइझियानाचा प्रदेश घेतला आणि देशाचा आकार जवळजवळ दुप्पट झाला. तिला तेवढा भाग रंगवू द्या, आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मूळ रहिवाशांना कुणीही विचारलं नव्हतं, हेही त्याच वेळी सांगा. हा नवा प्रदेश पाहून यायला जेफरसननी ल्युइस आणि क्लार्क यांना मोहिमेवर धाडलं, आणि त्यांनी तिथून जेफरसनना एक जिवंत प्रेअरी डॉग, म्हणजे बिळात राहणारा खारीच्या कुळातला छोटा प्राणी, पाठवला होता. मुलं त्याचं चित्र काढतातच.

मॅडिसनसाठी १८१४ ची आग पुरे. ब्रिटिशांनी व्हाइट हाउस जाळलं, त्याआधी डॉली मॅडिसननी वॉशिंग्टनचं मोठं चित्र वाचवायला लावलं. मन्रोंचा सिद्धान्त, म्हणजे युरोपातल्या देशांनी अमेरिका खंडात ढवळाढवळ करू नये हे धोरण, तिसरीला जड जातो, तो मोठ्या वर्गांत येईल.

घरात मराठी इतिहासाची ओळख असेल तर भिंतीवर कागदाच्या दोन पट्ट्या लावा, एक अमेरिकेची, एक महाराष्ट्राची. वॉशिंग्टन शपथ घेत होते तेव्हा पुण्यात सवाई माधवराव पेशवे होते आणि कारभार नाना फडणवीस पाहत होते. अहिल्याबाई होळकर १७९५ मध्ये वारल्या, तेव्हा वॉशिंग्टनच राष्ट्राध्यक्ष होते. आणि दोन्ही पट्ट्यांवर येणारा एक माणूस आहे, कॉर्नवॉलिस. १७८१ मध्ये यॉर्कटाउनला त्याच्या सैन्याने वॉशिंग्टनपुढे शरणागती पत्करली, १७८६ मध्ये तो गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला आणि १७९२ मध्ये पेशवे आणि निजाम यांना बरोबर घेऊन त्याने टिपूला तह करायला लावला. आजी-आजोबा व्हिडिओ कॉलवर असतील तर दुसरी पट्टी भरायचं काम त्यांच्याकडे द्या.

एवढं झाल्यावर क्रमाकडे या. २००७ पासून निघालेल्या एक डॉलरच्या नाण्यांवर राष्ट्राध्यक्षांचे चेहरे याच क्रमाने आहेत. पहिले चार २००७ चे, मन्रो २००८ चे. बँकेत किंवा जुन्या नाण्यांच्या दुकानात विचारून पाहा. पाच नाणी टेबलावर मिसळून ठेवा, तिला ओळीत लावायला सांगा आणि प्रत्येक नाणं ठेवताना त्या माणसाची एक गोष्ट सांगायला लावा.